सात नंबरचं जॅकेट

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतो, आणि खरं सांगायचं तर आजवर हसण्यासाठीच वाचत आलो. प्रत्येक वेळी मनात यायचं — अंतर किती होतं, उजेड किती होता, माणसं किती होती, हे कोणी का लिहीत नाही? आज मी लिहायला बसलोय तर ते सगळं लिहीन. त्याने काही उलगडा होत नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

मी जळगावला राहतो. वय चौपन्न. इथल्या एका पाईप फॅक्टरीत चोवीस वर्षं स्टोअर सांभाळतो. आलेली वस्तू मोजायची, नंबर टाकायचा, कुलपात ठेवायची, सही घेऊन द्यायची आणि परत आली की पुन्हा मोजायची. फॅक्टरीतलं सेफ्टीचं सामान — हेल्मेट, हातमोजे, पट्टे — तेही माझ्याकडेच. चोवीस वर्षांत माझ्या स्टोअरमधून एक हातमोजा हरवलेला नाही. हे मिरवायला सांगत नाही. पुढे जे झालं ते माझ्या याच सवयीमुळे झालं.

माझी सासुरवाडी धुळे जिल्ह्यात, तापीच्या काठावर. गावाचं नाव देत नाही, कारण ती बोट तिथे अजून चालते. माझ्या घरापासून मोटरसायकलने ब्याण्णव किलोमीटर. खाली बॅरेज, म्हणजे बंधारा, झाल्यापासून गावासमोर नदी उरलीच नाही, तळंच झालंय. मेव्हण्याने — प्रल्हादने — दोरी टाकून मोजलं तेव्हा मधोमध अकरा मीटर पाणी भरलं. रुंदी साधारण साडेसहाशे मीटर. गाव या काठाला आणि प्रल्हादची केळी, पपई पलीकडे. पुलावरून फिरून जायचं तर सव्वीस किलोमीटर.

म्हणून मागच्या थंडीत प्रल्हाद आणि आणखी दोन शेतकऱ्यांनी मिळून एक बोट घेतली. गुजरातच्या किनाऱ्यावरून, जुनी, फायबरची, अठरा फुटी. समुद्रात किनाऱ्यापासून आत जाऊन मासे धरणारी. मागे छोटं मशीन, पुढच्या टोकाला बसायच्या फळीखाली एक पेटी, तिला वर उघडणारं झाकण. ट्रकवरून बोट गावात आली तेव्हा लोकांनी नारळ फोडला.

माझी बायको सुनंदा म्हणाली, "फॅक्टरीतल्या लोकांच्या डोक्याची काळजी करता. माझी भाची रोज त्या बोटीतून जाते, तिच्या जिवाचं काय?"

भाची म्हणजे कोमल, प्रल्हादची एकुलती एक. कॉलेज करून दुपारी शेतावर मजुरांची हजेरी घ्यायला जाते. मला फुवा म्हणते. तिला पोहता येत नाही.

मी कामाला लागलो. समुद्रातल्या छोट्या बोटींवर काय काय ठेवतात ते वाचून काढलं. वाचलेल्याचं सार एवढंच — काही सामान अंगावर हवं, काही हाताशी हवं आणि काही दुरून दिसण्यासाठी हवं. मी दहा लाईफ जॅकेट निवडली. नारंगी, पाठीवर चमकणारी पट्टी, खांद्याला दोरीने बांधलेली शिट्टी, मानेमागे उशी, म्हणजे माणूस बेशुद्ध झाला तरी तोंड वर राहतं. विकत घेण्याआधी एकाला वजन बांधून घराच्या टाकीत चोवीस तास तरंगत ठेवलं. शिवाय एक गोल ट्यूब, पाण्यावर तरंगणारी तीस मीटर दोरी, पाणी उपसायचा डबा, आणि झाकणबंद प्लास्टिकच्या डब्यात नारंगी धुराच्या दोन नळकांड्या. प्रत्येक जॅकेटच्या पाठीवर मी काळ्या पेंटने नंबर टाकला, एक ते दहा.

बोट चालवतो भिका आबा. सत्तरीचा भोई, जन्म पाण्यात गेलेला. मी सामान मांडलं तर विडी विझवून म्हणाला, "पाव्हना, हाई काय दुकान मांडं का तुम्ही?"

"आबा, हे अंगात घालायचं."

"माले चाळीस वरीस व्हयनात नाव चालाडतां. एक बी बुडना नही."

"बुडाला असता तर तो सांगायला आला असता का?" मी म्हटलं. आबा मोठ्याने हसला, आणि त्या दिवशी त्याने एक जॅकेट घातलंही.

पण पंधरा दिवसांनी गेलो तर फळीखाली आठच जॅकेट. एक ट्रॅक्टरच्या सीटवर गादी म्हणून बांधलेलं होतं. दुसरं केळीच्या राखणदाराच्या डोक्याखाली. धुराची एक नळकांडी कोणीतरी लग्नाच्या वरातीत उडवली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सगळं गोळा केलं, जॅकेट पुसली, प्रत्येक जॅकेट त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंडाला सुतळीच्या दोन गाठी मारल्या, आणि पुढच्या पेटीत भरली. उरलेली नळकांडी, दोरी, ट्यूब, सगळं त्यातच.

आणि पेटीला कुलूप लावलं.

पेटीच्या झाकणावर जुन्या कडीकोयंड्याची चार भोकं होती. त्यांच्यावरच मी नवा कोयंडा बसवला, माप बरोबर जुळलं. भोकांच्या आजूबाजूला फायबरवर ओरखडे होते, बरेच. मला वाटलं, जाळ्याच्या साखळ्या घासल्या असतील. त्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून पांढरा रंग दिला. कुलपातून फॅक्टरीतलं नंबरवालं प्लास्टिकचं सील ओवलं — एकदा ओढून बसवलं की तोडल्याशिवाय निघत नाही. नंबर वहीत लिहिला. किल्ली प्रल्हादच्या घरात, देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्यावर. किल्ली एकाच जागी हवी, हा माझा नियम.

आबा काठावरून बघत होता. हसत नव्हता. "पेटीले कुलूप नका लावा, पाव्हना."

"का?"

"पाणीमा किल्ली कोन आनी दी?"

मी म्हटलं, वेळ आली तर फोडता येईल. बोलताना पटलं मला ते. चोवीस वर्षं मी हेच करतोय — कुलपातलं सामान म्हणजे सांभाळलेलं सामान.

पुढच्या वेळी गेलो तर नव्या रंगावर ओरखडे होते.

कोणीतरी पेटी उघडायचा प्रयत्न केलाय असं धरून मी सील बघितलं. शाबूत. नंबर वहीशी जुळला. किल्ली आणून उघडलं, दहा जॅकेट मोजली, सगळं जागच्या जागी. ओरखडे टेपने मोजले. चार लांब, साधारण अकरा सेंटिमीटरचे, आणि बाजूला एक आखूड. कोयंड्याच्या दोन्ही अंगांना, असेच. प्रल्हाद म्हणाला, "भाऊजी, कुत्रं चढलं असेल बोटीवर." मी मान डोलावली. पुन्हा लांबी, पुन्हा रंग, नवं सील.

त्याच्या पुढच्या खेपेला ओरखडे रंगाच्या खाली, फायबरमध्ये गेले होते. सील शाबूत. या वेळी मी बोटीत न बसता गुडघाभर पाण्यात उभा राहून बघत होतो, आणि तेव्हा लक्षात आलं की ते बोटीतल्या माणसाने केलेले नाहीत. बोटीत बसून ओढलं तर रेघ आपल्याकडे, आतल्या बाजूला येते. या रेघा बाहेर आल्या होत्या. कडेवरून पाण्याकडे. पाण्यात असलेल्या माणसाने हात वर करून झाकणाला बोटं घातली आणि अंगाच्या वजनाने घसरला, तर जशा उमटतील तशा.

मी माझी बोटं त्या रेघांवर ठेवली. चार बोटं बसली. अंगठाही बसला.

दुपारचे बारा वाजले होते, एप्रिलचं ऊन डोक्यावर, आणि माझ्या दंडावर काटा होता. मी घाईघाईने पाण्यातून बाहेर आलो. घरी गेल्यावर मात्र सुनंदालाही काही बोललो नाही. काय बोलणार? कुलूप काढावं असं एकदा मनात आलं. पण ट्रॅक्टरवरचं ते जॅकेट आठवलं, आणि नाही काढलं. हे लिहिताना मला लाज वाटते.

आता त्या दिवसाचं.

जूनचा पहिला आठवडा. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. पलीकडच्या काठावरून गावाकडे निघालो होतो. बोटीत नऊ जण — मशीनवर भिका आबा, मधल्या फळीवर प्रल्हाद आणि मी, आमच्यामागे निंदणीच्या पाच बाया, त्यांत सगळ्यांत मोठी वत्सलाअक्का, आणि सगळ्यांत पुढे, पेटीच्या फळीवर, पाय आडवे करून बसलेली कोमल. जॅकेट कोणाच्याच अंगात नव्हतं. माझ्याही नव्हतं. हवा पूर्ण पडलेली, पाणी ताटासारखं सपाट. अक्का कोमलला चिडवत होती, "बाई, हजेरीमा मना अर्धा दिस का कापा? तुन्हा लगीनमा मी नाचाव नही!" बाया हसत होत्या.

साधारण मध्यावर आलो असू, आणि शिट्टी वाजली.

एकच. बारीक, दबलेली. मला वाटलं काठावरून कोणी बोलावतंय. मग पुन्हा वाजली, लांब, आणि कोमल झटकन फळीवरून उठून उभी राहिली. "फुवा... इथून आली. खालून."

पेटीतून.

आबाने मशीन बंद केलं. आता काहीच आवाज नव्हता, आणि त्या शांततेत आम्ही नऊच्या नऊ जणांनी ऐकलं. पेटीत दुसरी शिट्टी वाजायला लागली, मग तिसरी. मग सगळ्या. दम लागल्यासारख्या, तुटक, एकीवर एक. मी त्या शिट्ट्या स्वतः बांधल्या होत्या, पिशव्यांना गाठी मारल्या होत्या. आणि माणसाच्या तोंडाशिवाय शिट्टी वाजत नाही.

"ओ माय... पेटीमा कोन शे?" अक्काचा आवाज रडवेला झाला.

प्रल्हाद माझ्याकडे बघत होता. "भाऊजी, किल्ली."

किल्ली साडेतीनशे मीटरवर, देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्यावर होती.

माझ्याकडून काही झालं नाही. आबा बायांमधून वाट काढत पुढे आला, बोटीचा लोखंडी नांगर उचलला, आणि कोयंड्यावर घातला. एक, दोन, तीन. चौथ्या घावाला कोयंडा उखडला आणि झाकण वर गेलं.

त्या क्षणी आवाज थांबला. एकदम. पेटीत जॅकेट होती, मी ठेवलेली, तशीच रचून. पिशव्या बंद. सुतळीच्या गाठी माझ्याच.

आबाने आत एकदाच बघितलं. मग पश्चिमेकडे बघितलं, आणि ओरडला, "घाला! बठ्ठा जन घाला! आते लगेच!"

दातांनी पिशव्या फाडल्या. मी कोमलचे बंद बांधले, अक्काचे बांधले, मग माझे. माझं बकल तीनदा निसटलं. नऊ जॅकेट गेली, एक तळाशी उरलं. मी नंबर बघितला — सात. पिशवी न उघडताच ते तिथे राहू दिलं, झाकण नुसतं लोटलं.

यानंतर किती वेळ गेला ते घड्याळ बघून सांगता येणार नाही, पण पाच मिनिटांपेक्षा जास्त नाही. पश्चिमेकडून मातीच्या रंगाची एक भिंत पाण्यावरून येताना दिसली. पावसाचा थेंब नव्हता, नुसता वारा. पहिल्या तडाख्यात बोट तिरपी झाली, बाया एका बाजूला घसरल्या, आणि दुसऱ्या तडाख्यात आम्ही सगळे पाण्यात होतो.

नाकातोंडात पाणी गेलं. मग मानेमागच्या उशीने मला वर उचललं. बोट आडवी पडून तरंगत होती, पेटीचं टोक जेमतेम पाण्याबाहेर. धुळीत पलीकडचा काठ दिसत नव्हता. मला दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून जे येतं ते करायला लागलो. मोजायला. मोठ्याने. माझ्यापासून सुरुवात — मी एक, प्रल्हाद दोन, आबा तीन, अक्का चार, तिला धरून दुसरी बाई पाच, सहा, सात, आठ... आणि बोटीच्या पुढच्या टोकाशी, पेटीजवळ, पाठमोरी, नऊ.

नऊ. सगळे आहेत. कोमल पेटीशी आहे. मला रडू आलं.

"फुवा!"

हाक मागून आली. बोटीच्या दुसऱ्या अंगाने, कडेला धरून, खोकत, कोमल आली. मी तिचा चेहरा बघितला.

दहा.

मी पुन्हा पेटीकडे वळलो. जे होतं ते माझ्यापासून चार-साडेचार मीटरवर होतं. नारंगी जॅकेट, पाण्यात सरळ उभं, भरलेलं — रिकामं जॅकेट पसरून तरंगतं, ते असं उभं राहत नाही. पाठीवर काळ्या पेंटने सात. माझ्या हातचा सात, खाली जरा वाकडा गेलेला. मानेच्या वर काय होतं ते मी सांगू शकत नाही, धूळ होती, लाटा होत्या, आणि माझं बघायचं धाडस नव्हतं. हात दिसले नाहीत. पण आवाज येत होता. फायबरवर नखं ओढल्याचा. पेटी उघडी होती, तरी ते ओढतच होतं, ओढतच होतं, जसं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की कुलूप आता नाही.

मी ओरडलो. काय ओरडलो ते मला आठवत नाही. प्रल्हाद नंतर म्हणाला, "भाऊजी, तुम्ही म्हणत होते — उघडी आहे, उघडी आहे."

आवाज थांबला. जॅकेट हळूहळू बोटीपासून सुटलं आणि लांब गेलं. वारा पश्चिमेकडून होता, लाटा पूर्वेकडे जात होत्या. आणि ते लाटांच्या उलट, पश्चिमेला, जिकडे पुढे समुद्र आहे त्या दिशेने गेलं. धुळीत दिसेनासं होईपर्यंत एकदाही वळलं नाही.

बाकीचं साधं आहे. पेटीतला धुराचा डबा तरंगत बाहेर आला होता, तो प्रल्हादच्या हाताला लागला. वारा ओसरल्यावर त्याने नळकांडी पेटवली. काठावर मोटार चालू करायला आलेल्या शेतकऱ्यांना नारंगी धूर दिसला, आणि ट्रॅक्टरच्या ट्यूबा आणि दोर घेऊन ते आले. आम्ही पस्तीस-चाळीस मिनिटं पाण्यात होतो. नऊ माणसं गेली होती, नऊ परत आली. कोमलच्या आईने तिला मिठी मारली, ती संध्याकाळपर्यंत सोडली नाही.

काठावर मी जॅकेट गोळा केली. हसू नका, मला तेव्हाही मोजायचंच होतं. नऊ भरली. सात नंबर नव्हतं. दुसऱ्या दिवशी बोट ओढून काठाला आणली तेव्हा पेटीच्या तळाशी त्याची पिशवी अडकलेली सापडली. फाटलेली नव्हती. तोंडाला सुतळी, सुतळीला माझ्या दोन्ही गाठी. आत काही नव्हतं. पिशवी माझ्याजवळ आहे, गाठी मी सोडलेल्या नाहीत. पाण्याने जॅकेट ओढून नेलं म्हणणाऱ्यांना मी ती पिशवी दाखवतो, मग ते विषय बदलतात.

आबाला मी विचारलं, तुम्हाला दिसलं का. त्याने विडी पेटवली. "मी नही पाहं. तुम्ही बी पाहं नही, असं समजा." मग हळूच, "कुलूप मातर परत लावू नका, पाव्हना."

मी बोट विकणाऱ्या माणसाला फोन केला. वादळ, बोट उलटली, सगळं सांगितलं, पेटीचं काही बोललो नव्हतो. तो ऐकत राहिला. मग एकच विचारलं, "पेटी को ताला लगाया था?" मी हो म्हटलं. "हमने तो निकाल दिया था," तो म्हणाला, आणि फोन ठेवला. नंतर त्याने माझा फोन उचलला नाही. त्या बोटीवर आधी कोण होतं, किती होते, हे मला आजही माहीत नाही.

पेटीचं झाकण मी बिजागरीसकट काढून टाकलं. आता दहा हुक आहेत, नऊ जुनी आणि एक नवं अशी दहा जॅकेट उघडी टांगलेली असतात, आणि बोटीत पाय ठेवणारा आधी जॅकेट घालतो, मग बसतो. एकही चोरीला गेलेलं नाही. झाकण मी जळगावला आणलं, लांबी भरून रंगवलं आणि गच्चीवर ठेवलंय. सुनंदा विचारते, कशाला जपताय. मी दर रविवारी जाऊन बघतो. एकही ओरखडा नाही.

शिट्ट्या कशा वाजल्या, गाठ न सुटता पिशवी कशी रिकामी झाली, मी मोजलेला नववा कोण होता... याचं उत्तर कोणाकडे असेल तर जरूर लिहा, मी आकडे पुन्हा तपासायला तयार आहे.

फक्त एक गोष्ट राहते. वहीत सात नंबरपुढचा रकाना कोरा आहे. स्टोअरच्या नियमाने दिलेली वस्तू परत तरी येते, नाहीतर 'हरवली' असं लिहून मी सही करतो. तीनदा पेन हातात घेतलं. ती सही मला होत नाही. हरवलेलं नाही ते. कोणाला तरी एकदाचं मिळालंय.